इंजिन बंद झालं की थांबणारा आवाज

“पोरी, गाडीची शेपूट माझ्या भिंतीकडं करत जाऊ नको. तो धूर हौदात उतरून राहिलाय.”

साखराबाईंनी हे सांगितलं तेव्हा पंचशीला दोरीवरचे कपडे काढत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

आज तिला त्या वाक्याची चाल, त्यातला थांबा, सगळं पाठ आहे.

ही घडलेली गोष्ट आहे. पंचशीला माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी. बी.एस्सी. झालेली, आणि उतारा-भानामती यातलं काही म्हणजे काही न मानणाऱ्या घरातली. आमच्याकडे भूत हा शब्द फक्त चेष्टेत येतो. नावं बदलून लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, बाकीच्यांचं तू बघ, माझं बदलू नको.

मग मी कुणाचंच बदललं नाही.

आणि भूत म्हटलं की लोकांना अमावस्येची रात्र लागते. ती इथे नाही. लातूर, २०१६ चा मे महिना, दुपारी दोन ते तीन.

लख्ख उन्हात घडलं हे...

त्या वर्षीचं लातूर ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. नळ कोरडे पडून महिने झाले होते. पाणी रेल्वेने येत होतं. गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, तोही कधी पहाटे, कधी टळटळीत दुपारी. अंघोळीचं पाणी परातीत धरून त्याच पाण्यात फरशी पुसायचे दिवस होते ते.

रिंग रोडला भुजंगचं गॅरेज. भुजंग म्हणजे पंचशीलाचा नवरा. पुढे पत्र्याचं शेड, मागे दोन खोल्या. त्यात हे दोघं आणि त्यांची चौदा महिन्यांची लेक, मैत्री. भुजंगचं काम चारचौघांपेक्षा वेगळं होतं. गाडीचा कंपनीचा सायलेन्सर काढायचा, बाहेरून मागवलेला जाड स्टीलचा पाइप पुढून मागपर्यंत बसवायचा, गाडीला दम आणि आवाज आणायचा. नांदेड, उदगीर, पार बिदरहून पोरं यायची त्याच्याकडे.

आणि या कामात पंचशीलाचा कान चालायचा.

कुठल्या जोडातून फुसफुस येते, कुठला पत्रा थरथरतो, हे ती भाकऱ्या थापता थापता आतून सांगायची. डावीकडचा रबर बघा म्हणायची, आणि डावीकडचाच सैल निघायचा. भुजंग गिऱ्हाइकांना म्हणायचा, मशीन-बिशीन काही नाही आपल्याकडं, आमच्या हिचा कान हाय. ती वरवर ओशाळायची. मनातून फुलायची.

त्या कानाची तिला आता लाज वाटते.

शेडच्या मागच्या भिंतीला लागून साखराबाईंचं अंगण. वय सत्तरीचं. घरात एकट्या. एकुलती मुलगी लक्ष्मीबाई नायगावला दिलेली. अंगणात त्या भिंतीला चिकटूनच जमिनीतला हौद होता, पुरुषभर खोल. लातूर जिल्हा झाला, नळ आले, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने बांधलेला. त्या उन्हाळ्यात उदगीरचा जिल्हा होणार अशी पुन्हा बोलवा उठली होती. साखराबाई म्हणायच्या, होऊ द्या की, आमचा झाला तवा नळ दिले, आता त्यायला बी देतील अन् पाणी द्यायचं इसरतील.

अशा बोलायच्या त्या. हसवून जायच्या.

टँकरची वेळ ठरलेली नसे, म्हणून दोघींनी आपसात एक खूण ठरवली होती. जिला आधी टँकर दिसेल तिने मधल्या भिंतीवर तांब्या आपटायचा. तीनदा. टण... टण... टण... मग दुसरीने हंडे उचलून पळायचं. साखराबाईंचा तांब्या पितळी होता, जड. पंचशीला तो झोपेतही ओळखायची. मैत्रीसुद्धा तो वाजला की टाळ्या पिटायची.

आता गाडीच्या शेपटीचं.

रस्त्याच्या पलीकडे कोचिंग क्लासच्या मुलांचं होस्टेल होतं. आवाजाने अभ्यास होत नाही म्हणून त्यांनी तक्रार केली आणि एकदा पोलीस येऊन गेले. तेव्हापासून भुजंग गाडी उलटी आत घ्यायला लागला. तोंड रस्त्याकडे, पाइप मागच्या भिंतीकडे. मुलं पोलिसांत जातात, म्हातारी जात नाही. एवढं सरळ होतं ते, आणि ते पंचशीलालाही माहीत होतं.

त्या भिंतीला खाली, जमिनीलगत, एक भोक होतं. जुना नळ तिथून हौदात जायचा. नळ काढला, भोक राहिलं. वीतभर असेल.

त्या दिवशी सकाळी साखराबाईंनी ते धुराचं सांगितलं. तिसऱ्यांदा. पंचशीला कपडे काढता काढता म्हणाली, “आजी, आमचं पोट त्या धुरावरच चालतंय.”

साखराबाई रागावल्या नाहीत. पोट समद्यालाच हाय बाई, एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोघींचं ते शेवटचं बोलणं.

त्या दिवशी शेडमध्ये सिद्धरामची गाडी होती. सिद्धराम बिलोलीचा. हैदराबादहून जुनी घेतलेली, दोन दारांची, निळी स्पोर्ट्स गाडी. टर्बोवाली. तेलंगणाची नंबरपाटी अजून तशीच. असली गाडी भुजंगच्या शेडमध्ये पहिल्यांदाच आली होती, म्हणून तो आदल्या दिवसापासून उपाशीतापाशी तिच्या खालीच होता. जुने बोल्ट गंजून बसले होते, ते कापून काढले. टर्बोच्या मागचा पाइप बदलला, जोडात नवी गॅस्केट टाकली, मधला पाइप जोडला, मागे रबरांवर टांगला. दोन वाजता काम उरकलं. सिद्धराम जेवायला गेला होता. मैत्री झोपली होती.

पाइप नवा बसवला की इंजिन चालू करून आधी तो तापू द्यावा लागतो. तापला की बंद करायचं, गरम असतानाच जोडांवरचे क्लॅम्प आवळायचे. पुन्हा चालू. पुन्हा बंद. पुन्हा आवळायचे. असं चार-पाच वेळा.

भुजंगने चावी फिरवली.

सगळं शेड थरथरलं. टर्बोची शिट्टी उठली, फळीवरचे डबे वाजायला लागले. पंचशीला आत मैत्रीच्या कानांवर हात ठेवून बसली.

आणि त्या सगळ्या गदारोळातून तिला ऐकू आलं...

टण... टण... टण...

ती उठली. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते टँकर. हंडा उचलून ती दारापर्यंत गेली, गल्लीत पाहिलं. रस्ता रिकामा. डांबरावर उन्हाची लाट हलत होती. टँकर नव्हता.

आणि तिला बरं वाटलं.

हे तिने मला खाली बघत सांगितलं. बरं यासाठी, की उन्हात उभं राहायला नको. आणि सकाळी तसं बोलल्यावर आजींच्या शेजारी रांगेत उभं राहायला नको.

टँकर नाही, म्हणजे तांब्या नाही. तांब्या नाही, म्हणजे पाइप.

हंडा ठेवून ती शेडमध्ये आली. भुजंगला ओरडून सांगितलं की मागे काहीतरी आपटतंय. त्याने इंजिन बंद केलं.

शांत.

त्याने फडक्याने धरून पाइप हलवून पाहिला. घट्ट. चावी फिरवली.

टण... टण... टण... टण...

बंद केलं.

शांत. एकदम शांत...

मग तिने लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. मिस्त्री लोक करतात तसं, त्याचं टोक पाइपला टेकवून मूठ कानाला लावली, आणि भुजंगला चालू करा म्हणून खूण केली. पुढच्या जोडावर ऐकलं. मधल्या जोडावर ऐकलं. सरकत सरकत ती पार शेवटपर्यंत गेली, जिथून धूर त्या भिंतीवर सरळ जात होता.

“हाय,” ती म्हणाली. “इथं हाय. भिंतीच्या अंगाला.”

कान तिचा बरोबरच होता. जागा तिने अचूक सांगितली होती.

असं पाच वेळा झालं. चालू केलं की आवाज, बंद केलं की शांतता. चौथ्या वेळी आवाज जरा मंद होता. तीन ठोक्यांचे दोन झाले होते. भुजंगने शेवटचा क्लॅम्प अर्धा आटा आणखी आवळला. चालू केलं.

दोघं थांबले.

एकदा टण झालं...

मग काही नाही. इंजिन नुसतं एकसारखं गुरगुरत राहिलं.

गेला बघ, भुजंग म्हणाला. आणि पंचशीला हसली. हे तिने मला दोनदा सांगितलं. मी हसले गं. तिथंच उभी राहून, कमरेवर हात ठेवून, हसले मी.

साडेपाचला टँकर आला.

हॉर्नने ती दचकून उठली. भिंत वाजली नव्हती. साखराबाईंना टँकर आपल्या आधी दिसला नाही, असं त्या उन्हाळ्यात एकदाही झालं नव्हतं. हंडे घेऊन ती बाहेर पळाली. रांगेत सगळ्यांचे हंडे. साखराबाईंचे नाहीत.

तिने हाक मारली. दार उघडंच होतं. चुलीपाशी पीठ मळून झाकून ठेवलेलं. माणूस नाही.

अंगणात हौदाच्या तोंडाशी दोन चपला... नीट जोडीने काढून ठेवलेल्या.

तळाशी चार बोटं पाणी उरलं की त्या शिडी लावून हौदात उतरायच्या आणि तांब्याने ते घागरीत भरायच्या. गल्लीतल्या अर्ध्या बायका हेच करत होत्या. शिडीची एक पायरी निखळली होती आणि शिडी आत आडवी पडली होती. साखराबाई तळाशी भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. पदर नाकातोंडावर धरलेला. दुसऱ्या हातात तांब्या.

तांब्याची एक बाजू चेपून सपाट झाली होती.

डॉक्टर म्हणाले ऊन, वय, हृदय. धुराबद्दल कुणी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचशीला उठली तेव्हा भुजंग शेडमध्ये मागच्या भिंतीशी बसून ते खालचं भोक सिमेंटने बुजवत होता. घरातल्या पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी त्याने त्यात घातलं होतं. दोघांची नजरानजर झाली.

लक्ष्मीबाई नायगावहून आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, शांत बाई. रडणं ओसरल्यावर तिने पंचशीलाचा हात धरला. सगळ्या बायका बसलेल्या होत्या. “शेजारीच व्हतीस ना गं तू? आईनं हाक-बिक दिली न्हाई का?”

पंचशीलाने हात सोडवून घेतला.

“न्हाई अक्का. मला काही ऐकू आलं न्हाई.”

भुजंग दाराशी उभा होता. तो हळूच बाहेर निघून गेला.

आठ दिवसांनी सिद्धराम गाडी घेऊन परत आला. त्याचं म्हणणं, भाऊ, पाइप झक्कास बसलाय, पण गाडी बंद केली, चावी काढली, की मागून टण टण वाजतं. भुजंगने सांगितलं की तापलेला पाइप थंड होताना तडकतो, प्रत्येक गाडीत तडकतो. ते खरंही आहे. पण सिद्धराम म्हणाला, रात्रभर अंगणात उभी असलेली गाडी कशाला तडकेल?

गाडी शेडमध्ये घेतली. या वेळी तोंड भिंतीकडे, शेपूट रस्त्याकडे. भुजंगने सगळे जोड तपासले. काही नाही. पाइप गार पडला. तिघं चहा घेत बसले. सिद्धराम त्याच्या आईची, धुरपताबाईंची, कसलीशी गंमत सांगत होता. मध्येच तो थांबला.

टण... टण... टण...

इंजिन बंद. पंखा बंद, कारण लाइट गेलेली. गल्लीत चिटपाखरू नाही. आवाज गाडीच्या पाठीमागून, त्या जाड पाइपच्या तोंडातून येत होता... आणि शेपूट तर रस्त्याकडे होती. भिंतीपासून पार दूर.

पंचशीला उठून तिकडे दोन पावलं गेली.

आवाज थांबला.

ती मागे आली. कपाला हात लावला.

टण...

भुजंग गाडीकडे बघतच नव्हता. तो बघत होता त्या बुजवलेल्या भोकाकडे. आठ दिवस झाले होते. मे महिना, पत्र्याखालची भट्टी. हंड्यातलं पाणीसुद्धा आटत होतं त्या दिवसांत.

सिमेंट अजून ओलं होतं.

सिद्धराम गाडी घेऊन गेला. या घरातून मात्र काही गेलं नाही. एक दिवस पंचशीला शेंगदाण्याचं कूट करत होती. मिक्सर लावला आणि मागे मैत्रीने चमचा भिंतीवर आपटला.

टण... टण... टण...

लेकरू खेळतंय म्हणून तिने मिक्सर बंद केला. चमचा थांबला. तिने वळून पाहिलं. मैत्री भिंतीशी बसली होती, आणि दाराकडे बघत होती. हसत नव्हती. मान जरा वाकडी करून, डोळे लावून बसली होती, कुणीतरी येणार असल्यासारखी.

मिक्सर पुन्हा लावला. चमचा पुन्हा सुरू.

बंद केला. चमचा थांबला. पुन्हा दाराकडे डोळे...

तिसऱ्या वेळी पंचशीलाच्या हातातलं झाकण खाली पडलं.

तिला तेव्हा कळलं.

इंजिन बंद झाल्यावर आवाज का थांबायचा, ते तिला तेव्हा कळलं. ज्याला ती पाइपच्या दोषाची खूण समजत होती, ती म्हातारीची समज होती. इंजिन बंद झालं की साखराबाईंना वाटायचं, ऐकलं. गाडी बंद केली म्हणजे ऐकलं पोरीनं. आता येईल. म्हणून त्या तांब्या खाली ठेवायच्या आणि वर बघत बसायच्या. पुन्हा इंजिन सुरू झालं की पुन्हा उचलायच्या.

पाच वेळा.

एकदा जरी इंजिन बंद असताना पंचशीलाने नुसतं “आजी” म्हटलं असतं, तर...

ती मैत्रीला घेऊन दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नायगावला गेली. भुजंगला सांगून गेली. तो म्हणाला, नको जाऊ. मग म्हणाला, माझं बी नाव सांग.

लक्ष्मीबाईने तिला उंबऱ्याच्या आत घेतलं, पाण्याचा गच्च भरलेला पेला पुढे केला. पाणी नायगावातही नव्हतंच. पंचशीलाने पेल्याला हात लावला नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. आवाज आला होता. तांब्याचाच होता. तिला ओळखीचा होता. धुराचं आजींनी तीनदा सांगितलं होतं. भोक नंतर बुजवलं. आणि चारचौघांत ती खोटं बोलली.

लक्ष्मीबाई ऐकत होती. ओरडली नाही, रडली नाही. साडीच्या काठाशी चाळा करत होती.

“किती वेळ वाजवत व्हती?” तिने विचारलं.

“तासभर.”

“तासभर...” लक्ष्मीबाई म्हणाली. “म्हंजी तासभर तिला खात्रीच व्हती, तू येशील म्हणून.”

यापेक्षा तिने कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं, असं पंचशीला म्हणते.

निघताना लक्ष्मीबाईने मैत्रीच्या हातावर साखर ठेवली. पंचशीलाला म्हणाली, मला सांगितलंस, बरं केलंस. पण माफ मी करू शकत न्हाई बाई. हाक मला मारली नव्हती तिनं.

त्यानंतर मैत्रीने चमचा आपटणं सोडलं. भिंतीवरचं सिमेंट वाळलं. भुजंगने पाइपची कामं बंद केली, आता तो गाड्यांची साधी सर्व्हिसिंग करतो. माझी गोष्ट इथे संपली असती, तर मी ती लिहायलाच घेतली नसती.

जुलैत सिद्धरामचा फोन आला. बिलोलीहून, सकाळी अकराच्या सुमारास. भुजंगने फोन स्पीकरवर टाकला. सिद्धराम वैतागला होता. म्हणाला, भाऊ, त्या पाइपचं काहीतरी करा. आता उलटंच झालंय. गाडी चालू केली की वाजतं, बंद केली की थांबतं.

पंचशीला भाजी चिरत होती. विळीवरून ती कशी उठली तिला आठवत नाही. नवऱ्याच्या हातातून तिने फोन ओढून घेतला.

“दादा, गाडी सोडा. घरात कोण कुठं हाय ते आधी बघा.”

सिद्धराम हसला. वहिनी, मी क्लॅम्प बघून राहिलोय, तुम्ही भाऊंना द्या फोन. ती पुन्हा म्हणाली. विनवलं तिने त्याला. तो हो हो म्हणाला आणि फोन ठेवला. तिने परत लावला. उचलला नाही. सात वेळा लावला.

तो गाडीखाली होता. आवाज शोधत होता. चालू, बंद, चालू, बंद...

धुरपताबाई न्हाणीघरात पडल्या होत्या. आतून कडी. दार तोडून बाहेर काढलं तेव्हा जीव होता. वाचल्या त्या. पण वाचा गेली, ती अजून आलेली नाही. दवाखान्यात विचारलं, किती वेळ पडून होत्या? सिद्धराम म्हणाला, तासभर तरी.

मग कुणीतरी त्याला धीर द्यायला म्हणालं की त्यांनी दार-बिर वाजवलं असेल, तुझ्या गाडीच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

डॉक्टरांनी मान हलवली. लकव्याचा झटका जोराचा होता. पडल्या क्षणापासून दोन्ही हात लुळे. त्यांना बोटसुद्धा हलवता येत नव्हतं.

मग वाजवत कोण होतं?

साखराबाई त्या पाइपमध्ये का राहिल्या, हे पंचशीलाला कळत नाही. राग धरून राहिल्या, की दुसऱ्या कुणाला तरी ऐकू जावं म्हणून? दिवसा तिला दुसरं खरं वाटतं. लेकरू झोपलं की पहिलं. मी तिला समजावते, पण मला तरी काय कळतंय? माझं बाळ अकरा महिन्यांचं आहे. हे लिहिताना मी पंखासुद्धा बंद ठेवला आहे. घरात कुठला एकसारखा आवाज चालू असला की मला हल्ली त्याच्या पलीकडचं ऐकायचा प्रयत्न करावासा वाटतो.

सिद्धरामने ती गाडी काढून टाकली. पाइप काढून मग विक, असं भुजंगने सांगितलं होतं. त्याला तेवढाही धीर नव्हता. गाडी पाइपसकट नांदेडच्या एका एजंटाकडे गेली. एजंटाने कुणाला विकली, ते तो सांगत नाही. पंचशीला दोनदा नांदेडला जाऊन आली. लेकराला कडेवर घेऊन गल्ल्या फिरली. गाडी दिसली नाही.

म्हणून तिने मला लिहायला सांगितलं.

निळी, दोन दारांची, मागे जाड चकचकीत पाइप. रंग कदाचित बदलला असेल. तुमच्या गल्लीत, शेजारी, सोसायटीत अशी गाडी नव्याने आली असेल, आणि तिचा मालक एखाद्या दिवशी तिच्याखाली झोपून कुठलातरी खडखडाट शोधत असेल, चालू केलं की येणारा, बंद केलं की थांबणारा, तर त्याच्याशी बोलण्यात वेळ घालवू नका.

आजूबाजूची दारं वाजवा. सकाळपासून कोण दिसलं नाही ते विचारा. एकटं राहणारं कुणी असेल, म्हातारं, आजारी, बाळंतीण, तिथे आधी जा. दार उघडलं नाही तर तोडा. चूक निघाली तर माफी मागता येते.

आणि लवकर जा. चौथ्या वेळी आवाज मंद होतो.